पाऊण इंच आणि १९ मिलिमीटर

आमच्यापैकी एकाचे घर बारामती तालुक्यात नीरा डाव्या कालव्याच्या काठी आहे, दुसऱ्याचे इंदापूर तालुक्यात. दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि दोघांच्याही घरी एके काळी मालमोटार होती. हा योगायोग फार मोठा नव्हे. जिथे ऊस आहे आणि साखर कारखाना आहे, तिथे उसाच्या वाहतुकीवर चालणारी घरेही असतातच. परवा इंदापूरच्या घराची जुनी पडवी उतरवताना एक लोखंडी पेटी निघाली. पेटीत पाने होते. आमच्या विषयातली पाने नव्हेत, नटबोल्ट फिरवण्याचे. तीन वेगवेगळ्या फडक्यांत बांधलेले त्यांचे तीन गठ्ठे होते. एका गठ्ठ्यावरचे आकडे इंचांचे, दुसऱ्यावरचे मिलिमीटरचे. तिसऱ्यावरचे आकडेही इंचांचेच होते, पण पान्याचे तोंड मोजले की आकडा आणि माप यांचा काही मेळ बसेना.

‘नाना फार तापट होते,’ असे त्या घरात आजही सांगितले जाते. दारात गाडी उघडून बसले की पोरांनी अंगणात फिरकायचे नाही, असा दंडक होता. बारामतीच्या घरी अण्णांची ख्याती याहून निराळी नव्हती. त्या पेटीपुढे बसल्यावर आम्हांला प्रथमच वाटले, की या तापटपणाचा काही भाग स्वभावाचा असेलही, पण मोठा भाग इतिहासाचा आहे. घरच्या घरी जुनी गाडी दुरुस्त करणाऱ्याचा वैताग त्याच्या अडाणीपणातून आलेला नव्हता. जगातल्या तीन औद्योगिक परंपरा त्याच्या अंगणात एकत्र आल्या होत्या आणि त्या एकमेकींना ओळख देत नव्हत्या.

तिसऱ्या गठ्ठ्यापासून सुरुवात करू, कारण तो सर्वांत जुना. तो मालमोटारीचा नव्हेच, विहिरीवरच्या विलायती एंजिनाचा. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली नटबोल्टच्या आट्यांचे प्रमाणीकरण सुचवले आणि ब्रिटिश यंत्रे दीर्घकाळ त्या पद्धतीने बनत राहिली. या पद्धतीत पान्यावरचा आकडा पान्याच्या तोंडाचा नसतो, तर ज्या बोल्टावरचा नट फिरवायचा त्या बोल्टाच्या जाडीचा असतो. म्हणून ‘अर्धा इंच’ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड सुमारे ०.९२ इंचाचे भरते. आकडा आणि माप यांचा मेळ बसत नव्हता तो यामुळे. मोट सुटून विहिरीवर एंजिन आले तेव्हा शेतकऱ्याच्या हाताला यंत्राची पहिली सवय लागली ती या पान्यांनी. पुढे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी निघाली आणि डिझेल एंजिन ही खेड्यापाड्यांत ओळखीची वस्तू झाली. जो माणूस विहिरीवरचे एंजिन खोलून पुन्हा जोडत होता, त्याने पुढे दारातली मालमोटारही उघडली, यात नवल नाही. धाडस मुळात विहिरीवर शिकलेले होते.

पहिला गठ्ठा, म्हणजे साध्या इंचांचा, आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. कारण त्याची कथा इंदापूर तालुक्यातूनच सुरू होते. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी कळंबच्या परिसरातल्या माळरानावर शेती उभारली, १९३०च्या दशकात साखर कारखाना काढला, आणि त्या वसाहतीला वालचंदनगर हे नाव मिळाले. याच गृहस्थांना हिंदुस्थानात मोटारी बनवायच्या होत्या. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने त्या योजनेला हात दिला नाही. अखेर १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी तिथल्या मालमोटारी विकल्या जात. तोंडावरची नावे तीन, अंगातले यंत्र एकच. नानांची पहिली गाडी फार्गो होती, अर्थात जुनी घेतलेली. ज्या तालुक्यात वालचंदांनी साखर केली, त्याच तालुक्यातला ऊस त्यांच्याच कारखान्यातल्या गाडीने वाहिला, ही गोष्ट नानांना ठाऊक होती की नाही कोण जाणे. गाडीचा जन्म कुर्ल्याचा असला, तरी रक्त अमेरिकेचे आणि म्हणून माप इंचांचे होते.

जुनीच गाडी का घेतली, याचेही उत्तर इतिहासात आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. फोर्डही आली होती. स्वातंत्र्यानंतर सरकारने ठरवले, की नुसती जुळणी नको, सुटे भागही इथेच बनले पाहिजेत. १९५३च्या टॅरिफ आयोगाच्या अहवालानंतर या दोन्ही कंपन्यांनी इथली जुळणी आवरती घेतली. धोरण म्हणून ते चुकीचे होते असे आम्ही म्हणणार नाही. देशी वाहन उद्योग त्यातूनच उभा राहिला. पण कंपन्या गेल्या तरी त्यांच्या गाड्या रस्त्यावर राहिल्याच, आणि त्यांचे सुटे भाग मात्र दिवसेंदिवस मिळेनासे झाले. नव्या गाड्यांचे उत्पादन परवान्यांनी बांधलेले होते. नवी गाडी हवी तर थांबा, थांबायचे नसेल तर जुनी घ्या, आणि जुनी घेतली की पाना हाती धरा, असा तो क्रम होता.

दुसऱ्या गठ्ठ्याची कथा जमशेदपूरची. टेल्को कंपनीने जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी करार केला आणि १९५४ साली टाटा-मर्सिडीज-बेंझची पहिली मालमोटार बाहेर पडली. हा करार १९६९ साली संपला; गाडीच्या तोंडावरचा तारा गेला, पण माप जर्मनच, म्हणजे मिलिमीटरचे, राहिले. इकडे सरकारनेही १९५६च्या कायद्याने मेट्रिक पद्धत स्वीकारली होती. १९५७ साली नवे पैसे आले. त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत शेर, मण आणि वार बाजारातून हटले. बाजारात सरकारने जुनी मापे बंद केली. अंगणात ती बंद करायला कोणी आले नाही.

आता अंगणातली अडचण पाहू. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. अर्ध्या इंचाचा पाना १३च्या नटावर जात नाही. १३चा पाना अर्ध्या इंचाच्या नटावर जातो, पण ०.३ मिलिमीटर सैल बसतो. तेवढ्या सैलपणात जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात आणि नट गोल होतो. गोल झालेल्या नटाला मग कोणताच पाना लागत नाही; छिन्नी आणि हातोडा घेऊन तो तोडावा लागतो. सगळ्या पेटीत एकच जोडी अशी होती, जिच्यात तंटा नव्हता. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर, त्यामुळे १९चा पाना आणि पाऊण इंची पाना एकमेकांच्या जागी चालतात. पेटीतले हे दोन पाने इतरांपेक्षा अधिक झिजलेले आहेत, त्याचे कारण हेच असावे.

ही अडचण केवळ आमच्या अंगणातली होती असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात एका बाजूने लढणाऱ्या अमेरिका आणि ब्रिटन यांना आपले आटे एकमेकांना बसत नाहीत याचा पुरेपूर मनस्ताप झाला, आणि १९४८ साली कॅनडासह त्यांनी आट्यांच्या एका समान प्रमाणाचा करार केला. महासत्तांना करार करता येतो. नानांना फक्त चिडता येत होते.

आमच्या घरातली एक घटना इथे सांगितली पाहिजे. ती आम्ही वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली आहे. गळीत हंगाम भरात होता, फार्गो उसाने भरलेली होती आणि शेताच्या बांधावरच तिचे मागचे डावे चाक बसले. किन्नर नवा होता. (क्लीनरला आमच्याकडे किन्नर म्हणतात.) नट सुटेना म्हणून त्याने पान्याला लांब पाइप लावला आणि त्या पाइपवर उभा राहिला. नट सुटला नाही, बोल्ट तुटला. दुसराही तुटला. क्रायस्लरच्या त्या काळातल्या गाड्यांना डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असत. चाकाच्या फिरण्याने नट आपोआप ढिले होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. म्हणजे किन्नर जीव तोडून जो नट काढत होता, तो प्रत्यक्षात आवळत होता. अशा बोल्टाच्या टोकावर सूचना म्हणून इंग्रजी ‘एल’ हे अक्षर उमटवलेले असते. नानांना बाळबोध आणि मोडी दोन्ही लिपी येत होत्या. इंग्रजी येत नव्हती. साहित्याचे अध्यापक म्हणून आम्हांला या एका अक्षराचे फार वाटते. सगळी माहिती तिथे होती, लोखंडावर कोरलेली होती, आणि ज्याला तिची गरज होती त्याच्यासाठी ती नव्हती.

बोल्ट आणायला नाना एसटीने पुण्याला, नाना पेठेत गेले. दोन दिवस गाडी उभी राहिली. घरात हा प्रसंग नानांच्या रागाची गोष्ट म्हणून हसत सांगितला जातो. आम्हीही तो तसाच ऐकत आलो. पण तोडलेला ऊस उन्हात पडून राहिला की वाळतो, वजनाला घटतो आणि त्यातली साखरही कमी होते. म्हणून तो शक्य तितक्या लवकर गाळपाला जावा लागतो. ऊसतोडणी करणाऱ्या टोळीची मजुरी टनावर असते. गाडी उभी म्हणजे टोळी बसून, आणि बसून असलेल्या दिवसाची मजुरी नाही. ती माणसे हंगामाआधीच उचल घेऊन, नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ म्हणून, घरदार सोडून आलेली असत. उचल फिटायची ती याच टनांतून. नानांचा वैताग घराच्या आठवणीत राहिला. त्या दोन दिवसांत टोळीने काय केले, काय खाल्ले, हे कोणीही सांगत नाही.

बारामतीच्या घरची गाडी टाटाची, १२१०. ती मात्र आम्ही स्वतः पाहिलेली आहे. तिचा छळ निराळा होता. टाकीतले डिझेल संपले किंवा फिल्टर बदलला की नळीत हवा शिरे. ‘गाडीने एअर घेतली,’ असे अण्णा म्हणत; जणू गाडीने मुद्दाम घेतली. मग फिल्टरवरचा स्क्रू ढिला करायचा आणि हातपंप मारत राहायचे. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग डिझेलची अखंड धार. धार आली की पंप चालू असतानाच स्क्रू आवळायचा. तरी गाडी उठली नाही, तर नोझलच्या नळ्यांचे नट एकेक करून ढिले करायचे आणि कोणीतरी केबिनमध्ये बसून सेल्फ मारायचा. हे ‘कोणीतरी’ म्हणजे आमची मोठी बहीण. बॅटरी हाती धरून बुडबुडे थांबले की नाही हे सांगणारी आई. अण्णांचे डोळे उतरल्यावर कोणत्या नळीतून अजून हवा येते आहे, हे आईच ओळखत असे. तिला मिस्तरी म्हणावे असे कोणाच्या मनात आले नाही. मिस्तरी हा शब्द मराठीत पोर्तुगिजांकडून आला, चावीही तिथूनच आली. परका शब्द आपल्या घरी रुळला, पण घरातल्या बाईपर्यंत पोचला नाही.

हे सारे गेले म्हणून हळहळावे, असे आमचे म्हणणे नाही. घरी जोडलेल्या ब्रेकच्या भरवशावर घाट उतरणे हे शौर्य नव्हते, नाइलाज होता. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहाची मानके लागू झाली. नव्या गाडीचे एंजिन इलेक्ट्रॉनिक यंत्रणेच्या ताब्यात असते आणि तिचा बिघाड संगणक जोडून वाचावा लागतो. २०२१ साली जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले. धूर कमी झाला पाहिजे, रस्ते सुरक्षित झाले पाहिजेत, यावर वाद नाही. वाद असलाच तर नोंदीचा आहे. मोट, नांगर, बैलगाडी यांचे शब्द आपल्या ग्रामीण कथा-कादंबऱ्यांनी जपले आणि आम्ही ते वर्गात अर्थासह शिकवतो. कमानपाटे, आटे, एअर, किन्नर हे शब्द याच गावांत दोन पिढ्या बोलले गेले. त्यांच्यासाठी आम्ही वर्गात एक तासही दिलेला नाही. यंत्राची भाषा ती आपली नव्हे, हा समज आमच्याही मनात होता.

दोन्ही गाड्या केव्हाच गेल्या. पेटी आम्ही भंगारात दिली नाही. एका वहीत तिची नोंद करायला घेतली आहे. वस्तू, तिच्यावरचा आकडा, प्रत्यक्ष माप, घरात तिला म्हणत तो शब्द आणि ती कोणाच्या हातात असे, असे रकाने आखले. आईचे नाव तीन ठिकाणी आले, बहिणीचे दोन. पाठीमागच्या कोऱ्या पानावर फार्गोच्या त्या दोन दिवसांची हकीकत लिहिली आणि हजर असलेल्या माणसांची यादी करू लागलो. नाना, किन्नर, ऊसमालक ही नावे घरच्यांनी लगेच सांगितली. टोळीतले एकही नाव कोणाला आठवले नाही.