भारतातील मोटार विमा

भारतातील मोटार विमा हा वाहनमालक आणि विमा कंपनी यांच्यातील करार आहे. त्याचे दोन भाग पडतात. वाहनामुळे इतरांच्या जीविताची किंवा मालमत्तेची हानी झाल्यास ती भरून देणारा तो त्रयस्थ पक्ष विमा. व्यवहारात यालाच थर्ड पार्टी विमा म्हणतात. अपघात, चोरी, आग, पूर इत्यादी कारणांनी स्वतःच्या वाहनाचे झालेले नुकसान भरून देणारा तो स्वनुकसान विमा. पहिला भाग कायद्याने सक्तीचा आहे, तर दुसरा ऐच्छिक. दोन्ही भाग एकत्र असलेल्या पॉलिसीला बोलीभाषेत 'फुल इन्शुरन्स' म्हटले जात असले, तरी तिच्यातून दुरुस्तीचा संपूर्ण खर्च मिळतोच असे नाही.

कायदा आणि नियमन

त्रयस्थ पक्ष विम्याच्या सक्तीची तरतूद १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात होती. सध्याच्या १९८८ च्या कायद्यात ती कलम १४६ मध्ये आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विम्याविना वाहन चालवल्यास पहिल्या वेळी २,००० रुपये व पुढे ४,००० रुपये दंड, तसेच तीन महिन्यांपर्यंत कारावास अशी शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीसाठी तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ पक्ष विमा एकदमच घ्यावा लागतो. त्यामुळे स्वनुकसान विम्याची मुदत आधी संपली, तरी 'अजून विमा आहे' असा मालकाचा समज होऊ शकतो.

हप्ता

त्रयस्थ पक्ष विम्याचा हप्ता सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार खासगी मोटारीचा वार्षिक हप्ता १,००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १,००० ते १,५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा निश्चित करण्यात आला. स्वनुकसान विम्याचे दर मात्र १ जानेवारी २००७ पासून खुले झाले. त्यामुळे एकाच मोटारीसाठी निरनिराळ्या कंपन्यांचे हप्ते वेगवेगळे असतात.

हा हप्ता मुख्यतः वाहनाच्या विमित मूल्यावर अवलंबून असतो. या मूल्याला आयडीव्ही म्हणतात. वाहन जुने होत जाते तसे ते घटते. प्रचलित कोष्टकानुसार दुसऱ्या वर्षात २० टक्के, तर पाचव्या वर्षात ५० टक्के घट धरली जाते. हप्ता कमी दिसावा म्हणून हे मूल्य कमी लावून घेतल्यास वाहन चोरीला गेल्यावर भरपाईही तेवढीच कमी मिळते.

नूतनीकरण

वर्षभर दावा न केल्यास पुढील वर्षीच्या स्वनुकसान हप्त्यात सवलत मिळते. हा 'नो क्लेम बोनस' २० टक्क्यांपासून सुरू होऊन २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत वाढतो. एक दावा केला की तो सहसा शून्यावर येतो. म्हणूनच किरकोळ दुरुस्तीचा खर्च अनेक वाहनचालक स्वतःच सोसतात.

उदाहरणार्थ, मूळ स्वनुकसान हप्ता दरवर्षी १०,००० रुपये आहे आणि बोनस ५० टक्के आहे असे मानू. दावा केल्यास पुढील पाच वर्षांत अनुक्रमे ५,०००, ३,०००, २,५००, १,५०० आणि ५०० रुपये, म्हणजे एकूण १२,५०० रुपये जादा भरावे लागतील. अशा वेळी चार हजारांच्या दुरुस्तीसाठी दावा करणे तोट्याचे ठरते.

मुदत संपल्यापासून ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास साठलेला बोनस नष्ट होतो. खंडित पॉलिसी पुन्हा सुरू करताना कंपनी सहसा वाहनाची तपासणी करते. बोनस वाहनाचा नसून मालकाचा असतो. जुनी मोटार विकून नवी घेतल्यास तो नव्या मोटारीला लावता येतो. जुने वाहन विकत घेणाऱ्याने पॉलिसी आपल्या नावावर करून घेण्यासाठी १४ दिवसांत कंपनीला कळवायचे असते. तसे न केल्यास स्वनुकसानीचा दावा नाकारला जाण्याचा धोका असतो.

दावा

अपघातानंतर कंपनीला त्वरित कळवणे आणि पाहणीपूर्वी वाहनाची दुरुस्ती सुरू न करणे आवश्यक असते. पाहणी करणारा सर्व्हेअर नुकसानीचा अंदाज ठरवतो. बिल आणि मिळणारी रक्कम यांतील तफावतीची मुख्य कारणे पुढीलप्रमाणे :

• घसारा : रबर, प्लास्टिक, टायर व बॅटरी यांच्या किमतीतून ५० टक्के, तर फायबरग्लासच्या भागांतून ३० टक्के वजा होतात. काचेला घसारा लागत नाही. जादा हप्ता भरून 'झिरो डेप्रिसिएशन' संरक्षण घेतल्यास ही वजावट टळते.
• सक्तीची वजावट : प्रत्येक दाव्यात १,५०० सीसीपर्यंतच्या मोटारीस १,००० रुपये व त्यावरील मोटारीस २,००० रुपये मालकाला सोसावे लागतात.
• अटींचा भंग : वैध परवाना नसताना किंवा मद्यपान करून वाहन चालवल्यास स्वनुकसानीचा दावा नाकारला जाऊ शकतो.

दुरुस्तीचा खर्च विमित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक झाल्यास वाहन पूर्णतः निकामी मानले जाते.

पुरातील वाहने

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा प्रसंगी पुराने झालेले नुकसान स्वनुकसान विम्यात येते. परंतु पाणी शिरलेले इंजिन सुरू केल्यास सिलिंडरमधील पाणी दाबले जात नाही, त्यामुळे आतील दांडा वाकतो किंवा तुटतो. हे नुकसान पुरामुळे नव्हे, तर नंतरच्या कृतीमुळे झाले, असे मानून कंपन्या ते सहसा नाकारतात. म्हणून पाण्यात उभे राहिलेले वाहन सुरू न करता ओढून नेणे श्रेयस्कर मानले जाते. या जोखमीसाठी इंजिन संरक्षणाचे स्वतंत्र पूरक कवच मिळते.

तक्रार निवारण

दावा नाकारला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी लागते. तेथे समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. मुंबई आणि पुणे येथे लोकपालांची कार्यालये आहेत. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. चोरीची फिर्याद पोलिसांत तत्काळ नोंदवलेली असेल, तर कंपनीला कळवण्यास झालेला उशीर एवढ्याच कारणावरून खरा दावा फेटाळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये दिला. अपघातग्रस्त त्रयस्थांचे दावे मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चालतात.