तारे दाखविणारी काठी

विवाहसंस्कारात अरुंधतीदर्शनाचा एक विधी आहे. मंगल कार्यालयांच्या झगझगाटात आणि दिवसाउजेडीच्या मुहूर्तांत त्याचे आता बहुधा नावच उरले आहे. परंतु जेथे तो अजून होतो, तेथील प्रसंग मोठा पाहण्याजोगा असतो. उपाध्याय बोट वर करून सप्तर्षींकडे दाखवितात, वधूवर त्या बोटाच्या रोखाने पाहतात आणि ‘दिसली का?’ या प्रश्नाला ‘दिसली’ असे उत्तर देऊन मोकळी होतात. ती खरोखरच दिसली, अशी हमी मात्र कोणी घेऊ नये. यात अपराध त्या बिचाऱ्यांचा नाही, बोटाचा आहे. बोट डोळ्यापासून हातभर अंतरावर आणि तारा अपार दूर. उपाध्यायांच्या डोळ्यातून निघून त्यांच्या बोटावरून जाणारी रेषा अरुंधतीपाशी पोचते. शेजारी बसलेल्या वराच्या डोळ्यातून त्याच बोटावरून जाणारी रेषा आकाशाच्या भलत्याच कोपऱ्यात जाते.

ही अडचण आपल्या पूर्वजांना पुरती ठाऊक होती. चंद्राची कोर दाखवायची तर आधी झाडाची फांदी दाखवावी, हा शाखाचंद्रन्याय. सूक्ष्म अरुंधती दाखवायची तर आधी तिच्याजवळचा ठळक तारा हीच अरुंधती म्हणून दाखवावा आणि दृष्टी तेथे स्थिरावली म्हणजे खऱ्या तारकेकडे न्यावी, हा स्थूलारुंधतीन्याय. वेदान्त्यांनी हे दृष्टान्त ब्रह्माच्या उपदेशासाठी वापरले; पण मुळात ती आकाश दाखविणाऱ्या माणसाची युक्ती आहे. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त नाना यंत्रांचे वर्णन केले आणि सर्वांत श्रेष्ठ ठरविले ते धीयंत्र, म्हणजे बुद्धी. तिच्या जोडीला त्यांना एक साधी काठी पुरेशी वाटली.

त्या काठीची जागा आज एका किरणाने घेतली आहे. लेखणीएवढी धातूची नळी, आत एक-दोन बॅटऱ्या, आणि कळ दाबताच वर जाणारी हिरवी रेघ. सभागृहात भिंतीवरच्या आकड्यांवर थरथरणारा तांबडा ठिपका आम्हा सरकारी नोकरांच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु हीच वस्तू रंगारंगाने गोळा करणारे, तिची शक्ती मोजणारे, तिची नोंदवही ठेवणारे हौशी लोक आहेत, हे मला बंगळूरला, कोरमंगला भागात राहावयास आल्यावर कळले. आमच्या शेजारच्या एका निवृत्त अभियंत्यांच्या कपाटात अशा एकवीस नळ्या ओळीने मांडलेल्या आहेत. त्यांतल्या काही विकतच्या, काही सदर पत्रप्पा रस्त्यावरच्या विद्युत् साहित्याच्या बाजारातून सुटे भाग आणून घरी जुळविलेल्या. तिकिटे किंवा नाणी जमविणाऱ्याला आपण हसत नाही. पण प्रकाश कोणी जमवितो म्हटल्यावर प्रथम हसू येते. नंतर ती ओळ नीट पाहिली म्हणजे लक्षात येते, की हा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहासच कपाटात लावून ठेवला आहे.

या इतिहासाचे बीज आइन्स्टाइन यांच्या १९१७ सालच्या निबंधात आहे. उत्तेजित झालेल्या अणूवर योग्य त्या प्रकाशाचा आघात झाला, तर तो आपल्यातला प्रकाश त्याच लयीत, त्याच दिशेने सोडील, हे त्यांनी गणिताने दाखविले. प्रत्यक्ष किरण निघावयास १९६० सालचा १६ मे उजाडला. अमेरिकेत थिओडोर मेमन यांनी माणकाच्या एका लहानशा कांडीभोवती छायाचित्रकाराचा झगझगीत दिवा लखलखविला आणि तांबड्या प्रकाशाचा पहिला लेसर स्पंद मिळविला. त्याच वर्षाच्या अखेरीस हेलियम आणि निऑन वायूंच्या नळीतून अखंड किरण निघाला. १९६२ साली त्याच नळीतून दृश्य तांबडा किरण मिळाला. या मालिकेत आपल्याकडचेही एक नाव आहे, ते महाराष्ट्रातही फारसे घेतले जात नाही, म्हणून सांगतो. चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीला झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेस गेले आणि १९६४ साली बेल प्रयोगशाळेत त्यांनी कार्बन डायऑक्साइड वायूचा लेसर सिद्ध केला. पोलाद कापणारा आणि शस्त्रक्रियेत चालणारा तो हा किरण. डोळ्याला तो दिसत नाही. त्यामुळे कपाटातल्या ओळीत त्याला स्थान नाही, एवढेच.

खिशातली नळी निघाली ती दुसऱ्या शाखेतून. अर्धवाहकाच्या कणीतून लेसर काढण्याची कला १९६२ साली साधली, पण ती कणी अतिशीत करावी लागे. साध्या खोलीच्या उष्णतेत ती अखंड चालू लागली १९७० साली. पुढे ध्वनितबकड्या वाचण्यासाठी अशा कण्या लाखोंनी तयार होऊ लागल्या आणि किंमत उतरली. आमचे अभियंते मोडीत निघालेल्या यंत्रांतून किरण मिळवितात तो याच कारणाने: चित्रतबकडी लिहिणाऱ्या यंत्रातून ६५० नॅनोमीटरचा तांबडा, तिच्या पुढच्या पिढीच्या यंत्रातून ४०५ चा जांभळा, सभागृहातल्या जुन्या प्रक्षेपकातून ४४५ चा निळा. संग्राहकाला रंगाचे नाव पुरत नाही; तो आकडाच सांगतो. सामान्य दिव्याचा हिरवा म्हणजे अनेक हिरव्यांची मिसळ असते. लेसरचा हिरवा एकच एक असतो, आणि हा एकटेपणाच त्या माणसांना वेड लावतो.

त्यांतही त्यांचा जीव हिरव्या नळीवर. तिच्या पोटात पहिली कणी ८०८ नॅनोमीटरचा अदृश्य किरण काढते. तो एका स्फटिकात शिरून १०६४ चा, तरीही अदृश्यच, दुसरा किरण उत्पन्न करतो. दुसरा स्फटिक त्या लहरीची लांबी निम्मी करतो आणि ५३२ चा हिरवा प्रकाश बाहेर पडतो. दोन अदृश्यांतून एक दृश्य! थंडीत हा सारा संसार बिघडतो आणि किरण मंदावतो. मग ती नळी मुठीत धरून ऊब द्यावी लागते. अलीकडे थेट हिरवा प्रकाश देणाऱ्या, ५२० च्या आसपासच्या कण्या निघाल्या आहेत. त्या थंडीला इतक्या भीत नाहीत. तरीही जुन्या संग्राहकांना त्या जरा सपकच वाटतात.

हिरव्याचे महत्त्व आपल्या डोळ्यामुळेही आहे. सारख्याच शक्तीचा ५३२ चा हिरवा किरण ६५० च्या तांबड्यापेक्षा आपल्याला सुमारे आठपट तेजस्वी वाटतो. हवेतले रेणू आणि धूळ तो थोडा थोडा उधळतात आणि म्हणून रेघ दिसते. आता बोटाच्या अडचणीकडे पाहा. बोट हातभर लांब होते. ही रेघ हवेत फार उंचवर दिसत जाते. आजूबाजूला उभ्या असलेल्या वीस माणसांना ती वीस ठिकाणांहून दिसते, पण आगगाडीचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे भासतात तशी तिचे टोक सर्वांनाच त्याच ताऱ्यापाशी संपलेले दिसते. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही आपल्या देशातील हौशी आकाशनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था १९४४ सालची. तेव्हा लेसर कोणाच्या स्वप्नातही नव्हता. आकाश दाखवावयाचे ते बोटाने, शब्दांनी आणि फार तर विजेरीने. आज मुंबईची मंडळी वांगणीला जमोत की बंगळूरची शहराबाहेर, दाखविणाऱ्याच्या हाती हिरवी नळी असतेच.

आणि तरी अरुंधतीपुढे ती नळीही थकते. वसिष्ठ आणि अरुंधती यांतले अंतर चंद्रबिंबाच्या निम्म्याहूनही कमी. हातात धरलेल्या नळीचा कंपच त्याहून मोठा असतो. त्यामुळे जाणता माणूस किरण वसिष्ठावर नेतो, कळ सोडून देतो आणि अंधारात म्हणतो, ‘आता त्याच्याच अगदी लगत पाहा.’

या नळ्यांचे इतर उपयोग ऐकले म्हणजे घर हीच प्रयोगशाळा कशी होते ते कळते. डोक्याचा एक केस किरणाच्या वाटेत ताणून धरला, तर समोरच्या भिंतीवर प्रकाशाचे पट्टे उमटतात. भिंत दोन मीटरवर, किरण ६५० चा आणि पट्टे दोन-दोन सेंटिमीटरवर पडले, तर केसाची जाडी ६५ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा सुमारे पंधरावा हिस्सा. शाळकरी मूल हा हिशेब फूटपट्टीने करू शकते. हळद स्पिरिटमध्ये कालवून तीत जांभळा किरण सोडला, तर तो द्राव हिरवट तेजाने पेटून उठतो. घरी दुर्बीण बांधणारे लोक तिचे आरसे एका रेषेत आणावयास तांबडा किरण वापरतात. रामन यांनी १९२८ साली ज्या परिणामाचा शोध लावला, तो हिरव्या किरणाच्या आणि काही गाळण्यांच्या साह्याने घरी पाहण्याचा खटाटोप करणारेही आहेत. रामन यांच्याच गावी हे घडावे यात नवल नाही. शिवाय मांजर आहेच. ठिपक्यामागे मांजराला धावावयास लावून व्यायाम घडविण्याच्या पद्धतीला अमेरिकेत १९९५ साली रीतसर पेटंट मिळाले आहे. मांजराचे मत घेतल्याची नोंद नाही.

कोरमंगला आणि आकाश यांचा संबंध या कपाटापुरता नाही. भारतीय खगोलभौतिकी संस्था याच भागात आहे. ती १९७१ साली स्वायत्त झाली, पण तिचे मूळ थेट १७८६ सालच्या मद्रासच्या वेधशाळेपर्यंत जाते. १८९९ साली ते काम कोडाईकनालला गेले. तिला एक मराठी मुलखातला ओढाही येऊन मिळाला आहे. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून वेधशाळा उभारली. तिची वीस इंची दुर्बीण त्या काळी भारतातली सर्वांत मोठी. १८९८ साली २२ जानेवारीला याच नायगमवालांनी सोलापूरकडील जेऊर येथून खग्रास सूर्यग्रहणाचे वेध घेतले. ते निवृत्त झाले आणि १९१२ साली वेधशाळा बंद होऊन तिची यंत्रे कोडाईकनालला रवाना झाली. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर संस्था मिटावी, हा आपला जुना रोग. सरकारी माणूस म्हणून तो मला जरा अधिक बोचतो.

आज त्या संस्थेचे वेध कोरमंगलातून घेतले जात नाहीत. ते कावलूरच्या वनात आणि लडाखमधील हानले येथे घेतले जातात. शहराच्या दिव्यांनी येथले आकाश धुऊन काढले आहे. लेसरची रेघ मात्र येथल्या धुळीत चांगली उठून दिसते. जेथे दाखविण्याजोगे तारे उरले नाहीत, तेथेच दाखविणारी काठी सर्वांत झगझगीत दिसावी, हे मला चमत्कारिक वाटते.

काठी म्हटली की ती मारण्याच्याही उपयोगी पडते. हाती धरावयाच्या नळीची शक्ती ५ मिलिवॉटांच्या आत असावी, असा सामान्य संकेत आहे. आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु डोळ्याचे भिंग हा सारा प्रकाश दृष्टिपटलाच्या सुईच्या अग्राएवढ्या जागेवर एकवटते. बाजारात ५ असे लिहिलेल्या स्वस्त नळ्यांतून त्याच्या कितीतरी पट शक्ती बाहेर पडत असते. हिरव्या नळीत गाळणी बसविली नसेल, तर तो अदृश्य १०६४ चा किरणही सोबत येतो आणि डोळ्याला त्याची चाहूलसुद्धा लागत नाही. जांभळा तर याहून फसवा, कारण दिसतो मंद आणि असतो तितकाच प्रखर. गणपतीच्या मिरवणुकांतील लेसरच्या झोतांनी तरुणांच्या दृष्टिपटलांना इजा झाल्याच्या वार्ता महाराष्ट्रात अलीकडच्या वर्षांत आल्या आणि २०२४ साली पुण्याच्या पोलिसांनी उत्सवात अशा झोतांना बंदी घातली. काहींना ती आनंदावरची आडकाठी वाटली. ज्या पोराची दृष्टी गेली, त्याच्या आईला तसे वाटले नसेल.

खरा संग्राहक आणि नुसता दिखाऊ यांतला फरक मला येथे दिसतो. आमच्या अभियंत्यांकडे सर्वांत महाग वस्तू कोणती असेल, तर ती शक्ती मोजण्याचे यंत्र. प्रत्येक नळीला त्यांनी चिठ्ठी चिकटविली आहे: दुकानदाराने सांगितलेला आकडा वर, मोजलेला खाली. काही नळ्यांत या दोहोंतली तफावत दसपट आहे. त्या नळ्यांच्या बॅटऱ्या काढून वेगळ्या डब्यात कुलपात असतात, आणि त्या चालवावयाच्या तर आधी त्या त्या रंगाचा चष्मा चढवावा लागतो. पाहुण्यालाही सवलत नाही.

गच्चीवर ते कोणतीही नळी नेत नाहीत. जवळच हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा जुना विमानतळ आहे. प्रवाशांची वाहतूक २००८ साली देवनहळ्ळीला गेली असली, तरी येथून विमाने उडतातच. खाली लेखणीएवढा असलेला किरण वर जाता जाता पसरतो, आणि रात्री उतरणाऱ्या वैमानिकाच्या काचेवर पडला की सारी काच उजळून क्षणभर त्याला धावपट्टी दिसेनाशी होते. म्हणून महिन्यातून एकदा अमावास्येच्या आसपास ते शहर सोडून दूर माळावर जातात. नळी एकाच्याच हाती असते. छायाचित्रे घेणाऱ्यांना आधी विचारले जाते, कारण एका रेघेने त्यांची तासाभराची मेहनत वाया जाते. कळ दाबण्यापूर्वी एक जण आकाशाचा चहूकडून कानोसा घेतो. लुकलुकता तांबडा-हिरवा दिवा कोठे सरकताना दिसला, तर तो क्षितिजाआड जाईपर्यंत सारे जण अंधारात गप्पा मारीत उभे राहतात.