टॅब्लेट आणि ई-वाचक : कल्पनेपासून वस्तूपर्यंत

टॅब्लेटचा जन्म कधी झाला, असे वर्गात विचारले की बहुतेक जण ‘२०१०, आयपॅड’ असे सांगतात. तुमचेही उत्तर हेच असेल, तर हे टिपण नीट वाचा.

१. पुठ्ठ्याचे यंत्र

१९६८ मध्ये ॲलन के यांनी सेमूर पॅपर्ट यांच्याकडे लहान मुलांना लोगो भाषेत प्रोग्रॅम लिहिताना पाहिले. मुलांच्या हातात मावेल असा संगणक का नसावा, हा प्रश्न त्यांना तिथे पडला. १९७२ मध्ये झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात असताना त्यांनी ‘डायनाबुक’चा आराखडा मांडला : वहीएवढा आकार, वजन ४ पौंडांहून कमी, किंमत ५०० डॉलरच्या आसपास. दाखवायला त्यांच्याकडे फक्त पुठ्ठ्याची प्रतिकृती होती. पहिल्या आयपॅडची किंमत ४९९ डॉलरपासून सुरू झाली. पण तुलना करताना मधल्या ३८ वर्षांची महागाई विसरू नका.

२. अडले कुठे?

बॅटरी, पडदा आणि प्रोसेसर हे तिन्ही तयार नव्हते. १९८९ चा ग्रिडपॅड पेनने चालत असे, पण वजन सुमारे २ किलो. १९९३ मध्ये ॲपलचा न्यूटन आला. त्याला हस्ताक्षर ओळखताना इतक्या चुका होत की त्यावर विनोद झाले. १९९८ मध्ये तो बंद पडला.

ग्रिडपॅड घडवणारे जेफ हॉकिन्स यांनी यातून वेगळा धडा घेतला. खिशात लाकडी ठोकळा घेऊन फिरत त्यांनी नव्या यंत्राचा आकार ठरवला. १९९६ च्या पाम पायलटमध्ये यंत्राने प्रत्येकाचे अक्षर ओळखावे हा हट्टच सोडला. वापरणाऱ्याने सोपी अक्षरचिन्हे शिकायची. प्रश्न लहान केला आणि तो सुटला.

३. वाचनाची गरज वेगळी

१९७१ मध्ये मायकेल हार्ट यांनी अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा संगणकावर टंकून प्रोजेक्ट गुटेनबर्ग सुरू केला. मजकूर होता, वाचायला सोयीचा पडदा नव्हता. १९९८ चे रॉकेट ई-बुक एलसीडी पडद्याचे होते.

उत्तर मिळाले ते इलेक्ट्रॉनिक शाईत. १९९७ मध्ये ई इंक कंपनी स्थापन झाली. या पडद्यात सूक्ष्म कुप्या असतात. त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे व पांढरे कण. विद्युतक्षेत्र बदलले की हवे ते कण वर येतात आणि तिथेच थांबतात. म्हणून वीज मुख्यतः पान बदलतानाच लागते. २००४ मध्ये सोनीने जपानमध्ये लिब्रिए आणले. २००७ च्या किंडलने त्याला बिनतारी पुस्तकखरेदीची जोड दिली.

४. आपला सिम्प्युटर

२००१ च्या सुमारास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीतील अभियंत्यांनी सिम्प्युटर तयार केला. लिनक्स, स्पर्श-पडदा, भारतीय भाषांत मजकूर वाचून दाखवण्याची सोय आणि स्मार्ट कार्ड. एकच यंत्र अनेक गावकऱ्यांनी वापरावे, ही कल्पना. विक्री मात्र अपेक्षेपेक्षा फारच कमी झाली.

त्याला अपयशी म्हणून वगळू नका. तुमचा अंतिम वर्षाचा प्रकल्पही कदाचित चालणार नाही. तेव्हा तो का चालला नाही, हे अहवालात प्रामाणिकपणे लिहा. पुढच्याला उपयोगी पडते ते तेच.

विचार करा : डायनाबुकच्या मार्गातील कोणता अडथळा तंत्राचा होता आणि कोणता किमतीचा?