बाहेरच्याने बोलायचं नाही

२४ ऑक्टोबर २०२४. पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर भारत-न्यूझीलंड कसोटीचा पहिला दिवस. न्यूझीलंडची शेपटी खेळत होती. यष्ट्यांमागून ऋषभ पंत वॉशिंग्टन सुंदरला हिंदीत सांगत होता, चेंडू थोडा पुढे टाक, थोडा बाहेर टाक. सुंदरने तसाच टाकला आणि एजाज पटेलने तो सीमेपार धाडला. याला हिंदी येतं हे मला काय ठाऊक, असं पंत लगेच बोलला. यष्टीतल्या मायक्रोफोनमुळे ते घरोघरी ऐकू गेलं.

एजाजचा जन्म मुंबईचा आणि बालपण जोगेश्वरीचं. आठ वर्षांचा असताना, १९९६ साली, तो आईवडिलांबरोबर न्यूझीलंडला गेला. २०२१ साली वानखेडेवर भारताचे दहाच्या दहा गडी एका डावात बाद करणारा गोलंदाज तो हाच. अंधेरीच्या पुढच्या स्टेशनाजवळ वाढलेल्या मुलाला हिंदी कळणार नाही तर काय! त्यानंतर थोड्याच वेळात सुंदरनेच त्याचा त्रिफळा उडवला, पण तो चौकार लक्षात राहिला.

आता प्रश्न असा की एजाजने पंतची खूण चोरली का? खेळावर जीव असणारा कुणीही या प्रश्नावर गप्प बसत नाही. हा वाद फार जुना आहे आणि त्याचं कूळ शोधत गेलं की खेळाचा एक मूळ नियम हाती लागतो.

गोंधळ पाहिलेल्यांना करपल्लवी ठाऊक असेल. श्रोत्यांपैकी कुणी एका गोंधळ्याच्या कानात नाव सांगतो. गोंधळी तोंडातून अक्षर न काढता लांब उभ्या असलेल्या जोडीदाराला ते हातांनी कळवतो आणि जोडीदार ते नाव सगळ्यांसमोर उच्चारतो. यामागे बाराखडीची पक्की बांधणी आहे. हाताच्या आकाराने अक्षराचा वर्ग कळतो, म्हणजे क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग असे, आणि बोटांच्या संख्येने त्या वर्गातलं कितवं अक्षर ते. खूण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दिली जाते, तरी ती दोघांचीच राहते. खेळातल्या खुणेचा स्वभावही नेमका हाच. मैदानावर लपायला जागा नसते, म्हणून खूण उघड्यावर द्यावी लागते, आणि उघड्यावर दिलेली खूण वाचण्याचा मोह समोरच्याला होणारच.

या मोहावरचा पहिला नामी उपाय अमेरिकेतल्या मूकबधिरांच्या कॉलेजात निघाला, असं तिथे मानतात. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजचा फुटबॉल संघ १८९० च्या दशकात इतर मूकबधिर शाळांच्या संघांशी खेळे. दोन्ही बाजूंना हातांची भाषा येत असल्यामुळे पुढची चाल सांगितली की प्रतिस्पर्ध्यांनाही ती कळे. पॉल हबर्ड या खेळाडूने आपल्या गड्यांना गोल कडं करून उभं केलं आणि त्या कड्याच्या आत हात हलवले. आज गडी बाद झाल्यावर आपले क्रिकेटपटूही खांद्यावर हात टाकून तसंच कडं करतात. प्रतिस्पर्ध्याने खूण वाचली म्हणून हबर्डने तक्रार केली नाही. त्याने ती झाकायची रीत शोधली.

या वादाच्या कुळाची दुसरी शाखा निघाली ती मात्र वेगळ्या वळणाची. बेसबॉलमध्ये यष्टिरक्षकासारखा एक गडी बसतो आणि पुढचा चेंडू कसा टाकायचा ते गोलंदाजाला बोटांनी सांगतो. १९०० साली फिलाडेल्फियाच्या संघाने मॉर्गन मर्फी या राखीव गड्याला मैदानापलीकडच्या खोलीत दुर्बीण देऊन बसवलं. तो त्या बोटांच्या खुणा पाही आणि जमिनीखालून ओढलेल्या तारेने मैदानावर कळवी. कडेला उभ्या असलेल्या आपल्या माणसाच्या पायाखाली यंत्र गुरगुरे आणि तो फलंदाजाला सावध करी. १७ सप्टेंबरला सिनसिनाटीच्या टॉमी कॉर्कोरनने बुटाच्या खिळ्यांनी माती उकरली, तेव्हा ते बिंग बाहेर आलं.

या दोन शाखांपैकी एकीत समोरच्याचा डोळा आहे, दुसरीत बाहेरच्याची दुर्बीण. पुढच्या सव्वाशे वर्षांतला प्रत्येक वाद या दोहोंपैकी एकीचा वारस आहे.

आपल्या क्रिकेटने दोन्ही शाखा एकाच वर्षी पाहिल्या. १५ मे १९९९ रोजी इंग्लंडमधल्या होव्हच्या मैदानावर विश्वचषकात भारताविरुद्ध दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि अॅलन डोनाल्ड कानात छोटं यंत्र घालून उतरले. ड्रेसिंग रूममधून प्रशिक्षक बॉब वूल्मर त्यांच्याशी बोलत होते. तोवर अशा यंत्राला मनाई करणारा स्पष्ट नियम नव्हता. तरी सामनाधिकारी तलत अली यांनी ती यंत्रं काढायला लावली आणि नंतर त्यांवर बंदी आली. नियम नसतानाही ते खटकलं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात मोहालीला न्यूझीलंडविरुद्धची कसोटी झाली. पहिल्या डावात भारत ८३ धावांत गारद झाला होता. दुसऱ्या डावात सचिन तेंडुलकर आणि राहुल द्रविड खेळत असताना ख्रिस केर्न्सचा जुना चेंडू उलटा फिरत होता. चेंडूची चकाकी कोणत्या बाजूला आहे यावर तो आत येणार की बाहेर जाणार ते ठरतं. केर्न्स ती चकाकी हाताने झाकून धावत येई, त्यामुळे फलंदाजाला काही दिसत नसे. पण गोलंदाजाच्या टोकाला उभ्या असलेल्या सचिनला ती जवळून दिसे. त्याने द्रविडशी ठरवलं: बॅट एका हातात धरली तर चेंडू बाहेर जाणार, दुसऱ्या हातात धरली तर आत येणार आणि दोन्ही हातांत धरली तर मलाही कळलेलं नाही. द्रविडने चेंडू सुटण्याआधी सचिनची बॅट पाहायची. भारताने ३ बाद ५०५ वर डाव घोषित केला, तेव्हा द्रविडच्या १४४ आणि सचिनच्या नाबाद १२६ धावा झाल्या होत्या. खेळता खेळता केर्न्सला संशय आला आणि त्याने चेंडू पकडण्याची पद्धत बदलली. ही हकिगत सचिननेच पुढे जाहीरपणे सांगितली, आणि सांगताना त्याला संकोच वाटला नाही. वाटायचं कारणही नव्हतं.

सचिन वांद्रे पूर्वेच्या साहित्य सहवासात वाढला, म्हणजे उपनगरातलाच मुलगा. उपनगरातल्या मैदानांवर एका वेळी अनेक सामने चालतात, एकाची सीमारेषा दुसऱ्याच्या खेळपट्टीवरून जाते. गोलंदाजाचं मनगट, यष्टिरक्षकाची एक पाऊल पुढे-मागे होण्याची चाल, क्षेत्ररक्षकाचं सरकणं हे सगळं पाहायला मुलं तिथे शिकतात. तीच मुलं आणखी एक नियम शिकतात. खेळपट्टीवरच्या फलंदाजाने काय हवं ते ओळखावं, पण सीमेवर बसलेल्याने ‘स्लो आहे, स्लो!’ असं ओरडलं की भांडण ठरलेलं. कॅरमच्या फळीभोवती, बुद्धिबळाच्या पटाशेजारी, पत्त्यांच्या डावात हाच दंडक आहे: बाहेरच्याने बोलायचं नाही. एवढ्या एका वाक्यात या साऱ्या वादाचा निवाडा आहे, असं माझं ठाम मत आहे.

तो दंडक लावून पाहा. मार्च २०१७ मध्ये बंगळुरूला स्टीव्ह स्मिथ पायचीत ठरला आणि दाद मागावी का, हे विचारायला त्याने ड्रेसिंग रूमकडे पाहिलं. पंचांनी त्याला अडवलं ते योग्यच होतं, कारण निर्णय आतल्यांनी घ्यायचा होता. डिसेंबर २०२० मध्ये इंग्लंडचे विश्लेषक नेथन लीमन यांनी दक्षिण आफ्रिकेत सज्जातून आकडा आणि अक्षर लिहिलेल्या पाट्या कर्णधार ऑयन मॉर्गनला दाखवल्या. परवानगी आधीच घेतली होती, त्यामुळे कायद्याने बोट ठेवता आलं नाही. तरी बऱ्याच रसिकांना ते रुचलं नाही आणि मलाही रुचत नाही. कर्णधाराची परीक्षा मैदानात असते, तिचं उत्तर सज्जातून येऊ नये.

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये २०२३ साली मिशिगन विद्यापीठावरून उठलेलं वादळही याच कसोटीवर तपासता येतं. तिथे प्रशिक्षक सीमारेषेवरून हातवारे आणि पाट्या दाखवून चाली कळवत. सामना सुरू असताना समोरच्या बाजूने त्या खुणा ओळखणं नियमबाह्य नव्हतंच. पण पुढच्या प्रतिस्पर्ध्याचा सामना पाहायला आधीच माणूस पाठवण्यावर १९९४ पासून बंदी होती. मिशिगनचा एक कनिष्ठ कर्मचारी, कॉनर स्टॅलियन्स, तीसहून अधिक सामन्यांची तिकिटं घेऊन माणसं बसवत होता आणि ती माणसं मोबाइलवर खुणा टिपत होती. मुख्य प्रशिक्षक जिम हार्बो यांना हंगामातल्या शेवटच्या तीन साखळी सामन्यांत बाहेर बसावं लागलं. तरी मिशिगनने जानेवारी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. सगळेच खुणा वाचतात, असं मिशिगनचे चाहते म्हणत. वाचणं आणि हेर पाठवणं एक नव्हे, असं बाकीचे म्हणत. दोघांचंही म्हणणं खरं आहे, पण निकाल दुसऱ्यांच्या बाजूने लागतो. २०२४ पासून वरच्या श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलने शिरस्त्राणात रेडिओला परवानगी दिली. हबर्डच्या कड्याप्रमाणेच खूण झाकण्याची ती नवी सोय.

एजाज पटेल मात्र खेळपट्टीवर उभा होता. त्याने कान लावला नव्हता की यंत्र लावलं नव्हतं, सांगणारा मोठ्याने बोलत होता आणि त्याला भाषा येत होती. सचिन आणि एजाज दोघेही या कुळाच्या निर्मळ शाखेचे.

हा निवाडा आता मोठ्या मैदानांपुरता राहिलेला नाही. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीकडच्या टेनिस चेंडूच्या स्पर्धाही आज थेट मोबाइलवर दिसतात. कॅमेरा गोलंदाजाच्या बोटांवर जातो आणि सीमेबाहेर बसलेला कुणीही ती पाहून फलंदाजाला हात हलवून सांगू शकतो. मर्फीला त्यासाठी जमिनीखालून तार ओढावी लागली होती. म्हणून स्पर्धा भरवणाऱ्यांनी मैदानातल्या तोंडी दंडकाला लेखी नियमाची जागा द्यावी: खेळणाऱ्या संघाच्या माणसांनी सामना चालू असताना थेट प्रक्षेपण पाहायचं नाही आणि बाहेरून खूण करायची नाही. मुलांना मात्र समोरच्याची खूण वाचायला आवर्जून शिकवावं आणि आपली खूण झाकायलाही. नजरेची ती तालीम मैदानात उतरूनच होते.