राष्ट्रगीत गाणारा बचावपटू

फुटबॉल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पायानं मारायचा चेंडू येतो. अमेरिकेतला फुटबॉल निराळा. तिथे चेंडू लंबगोल, डोक्यावर हेल्मेट, आणि माणसावर माणूस कोसळतो. नियम आम्हांला आजही अर्धेच कळतात. पण एसेरा तुआओलो या खेळाडूची गोष्ट समजायला ते फारसे लागत नाहीत.

तुआओलो सामोअन वंशाचा, हवाईत जन्मलेला. १९९१ साली 'ग्रीन बे पॅकर्स' संघानं त्याला निवडलं. पहिल्याच मोसमात एका सामन्याआधी त्यानं मैदानात उभं राहून राष्ट्रगीत गायलं, आणि मग खेळायला उतरला. गळा गोड, शरीर पहाडासारखं. हजारो लोकांपुढे एकटा उभा राहून गाणारा हा माणूस समलिंगी होता, आणि ते सांगायची मात्र सोय नव्हती.

आता इथे जरा थांबू या. एरवी यश आलं की भीती कमी होते. ह्याचं उलट झालं. खेळ चांगला झाला की चेहरा टीव्हीवर दिसणार, कुणीतरी ओळखणार, बोलणार. म्हणजे नोकरी गेली. जानेवारी १९९९ मध्ये 'अटलांटा फाल्कन्स'कडून तो सुपर बोल खेळला. त्या खेळातला हा सर्वांत मोठा सामना, आणि सर्वांत जास्त डोळे त्यावरच! लपणाऱ्याला याहून वाईट जागा कोणती असेल? सार्त्रनं 'दुसऱ्याची नजर' यावर पानंच्या पानं लिहिली. ती आम्ही वर्षानुवर्षं शिकवली. वर्गात असं उदाहरण हाताशी असतं तर बरं झालं असतं.

२००२ साली, निवृत्तीनंतर, त्यानं टीव्हीवर उघडपणे सांगितलं. त्याच्याआधी डेव्हिड कोपे १९७५ मध्ये आणि रॉय सिमन्स १९९२ मध्ये बोलले होते. तेही खेळ सोडल्यावरच. तीन माणसं, सत्तावीस वर्षं. याला आम्ही योगायोग म्हणणार नाही. ड्रेसिंग रूममधल्या थट्टेला हसून साथ द्यावी लागते, आणि करार कधीही मोडू शकतो. अशा ठिकाणी 'धैर्य का दाखवलं नाही' हे विचारणं सोपं असतं. या लीगमध्ये प्रत्यक्ष खेळत असताना हे सांगणारा पहिला खेळाडू, कार्ल नॅसिब, त्यासाठी २०२१ उजाडावं लागलं.

तुआओलोनं २००६ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, शाळा-कॉलेजांतून समलिंगींच्या हक्कांवर बोलत राहिला. आणि २०१७ साली 'द व्हॉइस' या गाण्याच्या स्पर्धेत उतरला. तिथे परीक्षक गायकाकडे पाठ करून बसतात. आधी आवाज ऐकतात, पसंत पडला तरच खुर्ची वळवून माणूस बघतात. त्याच्यासाठी खुर्ची वळली.