दबदबा असलेल्या पिचरचा सामना (बेसबॉल)

व्यावसायिक बेसबॉलमध्ये काही पिचरांच्या चेंडूवर धाव निघणेच दुर्मिळ होते. अशा पिचरविरुद्ध बॅटर आणि त्याचा संघ जे डावपेच वापरतात, त्यांचा या नोंदीत विचार केला आहे. उत्तुंग फटके मारून असा पिचर क्वचितच नमतो. त्याला जास्त चेंडू टाकायला लावणे, त्याच्या सवयी हेरणे आणि मिळेल त्या संधीवर बेसवर पोहोचणे, हे मार्ग अधिक उपयोगी ठरले आहेत.

मुळात अडचण वेळेची आहे. पिचरच्या पट्टीपासून होम प्लेटपर्यंतचे अंतर १८९३पासून ६० फूट ६ इंच आहे. ताशी दीडशे किलोमीटरचा चेंडू ते सुमारे ०.४ सेकंदात कापतो, त्यामुळे कोणता चेंडू मारायचा हे बॅटरला बरेचसे आधीच ठरवावे लागते. टेड विल्यम्स यांनी ‘द सायन्स ऑफ हिटिंग’ या पुस्तकात स्ट्राइक झोन ७७ चेंडूंच्या जागांमध्ये विभागून दाखवला. आवडत्या जागी आपली सरासरी .४००, तर खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात .२३० राहील, असा त्यांचा अंदाज होता. नको तो चेंडू सोडून देणे हे त्यांच्या शिकवणीचे सार.

पिचरचा स्वभावही कामी येतो. वॉल्टर जॉन्सन यांचा वेग भयंकर होता, पण आपला चेंडू लागून कुणी जखमी होईल याची त्यांना धास्ती वाटे. हे ओळखून टाय कॉब प्लेटला खेटून उभे राहत. मग जॉन्सन चेंडू बाहेर टाकत, आणि कॉब तो मारता येण्याजोगा चेंडू येईपर्यंत थांबत.

डाव्या-उजव्या हाताचे गणितही महत्त्वाचे असते. डावखुऱ्या पिचरचा चेंडू डावखुऱ्या बॅटरला सहसा जास्त छळतो, म्हणून दोन्ही बाजूंनी खेळणाऱ्या ‘स्विच हिटर’ना मागणी असते. ६ फूट १० इंच उंचीच्या डावखुऱ्या रँडी जॉन्सन यांनी १९९७च्या ऑल-स्टार सामन्यात एक चेंडू डाव्या हाताने खेळणाऱ्या लॅरी वॉकर यांच्या डोक्यावरून भिरकावला. वॉकर यांनी गमतीने हेल्मेट उलटे घातले आणि एका चेंडूपुरते ते उजव्या हाताने खेळायला उभे राहिले. शेवटी त्यांना वॉक मिळाला.

१९६८मध्ये मात्र बॅटरांचे सगळेच उपाय थिटे पडले. सेंट लुइस कार्डिनल्सच्या बॉब गिब्सन यांच्या खात्यावर त्या मोसमात दर ९ इनिंगमागे सरासरी फक्त १.१२ धावा लागल्या, तर १३ सामन्यांत त्यांनी एकही धाव दिली नाही. वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या सामन्यात त्यांनी डेट्रॉइट टायगर्सचे १७ बॅटर स्ट्राइकआउट केले. सातव्या सामन्यात सातव्या इनिंगपर्यंत धावफलक कोरा होता. दोन बाद झाल्यावर दोन साधे सिंगल निघाले, कार्डिनल्सचे सेंटर फिल्डर कर्ट फ्लड यांचा अंदाज चुकला आणि जिम नॉर्थरप यांचा फटका त्यांच्या डोक्यावरून गेला. टायगर्सनी सामना ४-१ असा जिंकला. पुढच्या मोसमापासून माउंडची उंची १५ इंचांवरून १० इंचांवर आणली गेली आणि स्ट्राइक झोनही आवळला गेला.

न्यूयॉर्क यांकीजचे पिचर मारियानो रिव्हेरा यांचा ‘कटर’ हा चेंडू ऐनवेळी बाजूला सरकून बॅट मोडत असे. २००१च्या वर्ल्ड सिरीजच्या अखेरच्या इनिंगमध्ये यांकीज २-१ने पुढे असताना ॲरिझोनाने एक सिंगल, एका बंटवर रिव्हेरा यांचीच चुकलेली फेक आणि टोनी वोमॅक यांचा डबल यांवर बरोबरी साधली. लुइस गोन्झालेझ यांनी मग बॅट जरा वर पकडून चेंडू जवळ उभ्या असलेल्या इनफिल्डरांवरून अलगद टाकला आणि विजेतेपद ॲरिझोनाला मिळाले.

एकाच सामन्यात एकाच पिचरला तिसऱ्यांदा सामोरे जाताना बॅटरांची कामगिरी सरासरीने सुधारते, हे आकडेवारीने दाखवून दिले आहे. त्यामुळे संघ पिचर लवकर बदलतात. २०२०च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात टँपा बेचे ब्लेक स्नेल यांनी ७३ चेंडूंत ९ स्ट्राइकआउट घेतले होते आणि संघ १-०ने पुढे होता, तरी व्यवस्थापक केव्हिन कॅश यांनी त्यांना बाहेर बोलावले. त्यांच्या जागी आलेल्या निक अँडरसन यांना डॉजर्सच्या मूकी बेट्स यांनी डबल मारला. त्याच इनिंगमध्ये डॉजर्सनी आघाडी घेतली आणि सामना ३-१ने जिंकून विजेतेपद मिळवले.