सूक्ष्मप्लॅस्टिक, कचराभूमीतील
सूक्ष्मप्लॅस्टिक, कचराभूमीतील : शहराचा घनकचरा साठविलेल्या जागेतील मातीत मिसळलेले, ५ मिमी.पेक्षा लहान प्लॅस्टिकचे कण. ही संज्ञा ब्रिटिश सागरी जीववैज्ञानिक रिचर्ड टॉमसन यांच्या २००४ मधील शोधनिबंधामुळे रूढ झाली. आरंभीचे संशोधन सागरापुरते होते. मातीचा अभ्यास नंतर सुरू झाला.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेले खडकी हे नगर पुढे औरंगाबाद व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखले जाऊ लागले. शहागंज ही तेथील जुनी बाजारपेठ. अशा पेठांतील कचऱ्यात पूर्वी भाजीपाल्याचे अवशेष, पत्रावळी, कागद, सुतळी व चिंध्या यांचा भरणा असे. तो कुजून त्याचे खत होई. विसाव्या शतकाच्या अखेरीस पॉलिएथिलिनाच्या पातळ पिशव्या सर्रास वापरात आल्या आणि कुजणारा व न कुजणारा कचरा एकाच ढिगात पडू लागला. शहराचा हा कचरा तीन दशकांहून अधिक काळ नारेगाव येथे टाकला गेला.

ढिगाच्या पृष्ठभागावरील प्लॅस्टिक ऊन व जंबुपार किरणांमुळे ठिसूळ होऊन फुटते. आतील भागात उष्णता, रासायनिक क्रिया व दाब यांमुळे त्याचे हळूहळू तुकडे होतात. पदार्थ नष्ट होत नाही, केवळ कण लहान होतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चीनमधील संशोधनात सहा कचराभूमींतून झिरपणाऱ्या पाण्यात असे कण आढळले. त्यांपैकी बहुतेक पुरलेल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांपासून झालेले होते.

दुर्गंधी, धूर व दूषित पाणी यांस कंटाळलेल्या नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. पर्यायी जागेच्या शोधात ७ मार्च रोजी मिटमिटा येथे हिंसक संघर्ष झाला. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नारेगाव येथे कचरा टाकण्यास मनाई केली. त्याच महिन्यात, २३ मार्च रोजी, राज्य शासनाने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी घातली. पुढे चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल व कांचनवाडी येथे प्रक्रियाकेंद्रे उभारण्यात आली.

तथापि नवा कचरा थांबल्याने जुन्या ढिगातील प्लॅस्टिक नाहीसे होत नाही. जुना कचरा खणून चाळण्याच्या पद्धतीस जैवखनन म्हणतात; केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ मध्ये त्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. चाळणीत मोठे प्लॅस्टिक वेगळे निघते, परंतु सूक्ष्मकण बारीक मातीबरोबर खाली पडतात. ती माती खत म्हणून शेतात पसरल्यास कचराभूमीतील प्रदूषण शेतजमिनीत जाते. म्हणून अशा मातीचा वापर ठरविण्यापूर्वी जड धातूंप्रमाणेच सूक्ष्मप्लॅस्टिकचीही तपासणी होणे आवश्यक आहे. कचऱ्याचे उगमस्थानीच वर्गीकरण हाच या प्रदूषणावरील मूलगामी उपाय होय.